तसराळ्यातली कावीळ

गल्लीच्या टोकाला जे बंद पडलेलं गोदाम होतं, तिथे त्या सकाळी मुंगी शिरायलाही जागा नव्हती. बायका पुढे, पुरुष मागे आणि ज्यांना मागून काही दिसत नव्हतं ते रिकाम्या खोक्यांवर चढलेले. मधोमध स्टुलावर कावीळ उतरवणारे धुवेबुवा बसले होते. पुढ्यात इनॅमलचं पांढरंशुभ्र तसराळं, शेजारी पाण्याने भरलेला तांब्या.

"ये बाळ, घाबरू नकोस," बुवा म्हणाले.

शिंप्याचा दहा वर्षांचा पोरगा पुढे झाला. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. बुवांनी त्याचे दोन्ही हात आपल्या ओलसर तळव्यांत घेतले आणि मनगटापर्यंत सावकाश चोळले. तोंड अर्थातच चालू होतं.

"कावीळ म्हणजे काय? रक्तात घुसलेला आगंतुक पाहुणा! पाहुण्याला सुया टोचून हाकलतात का? त्याला हाताला धरून दाराबाहेर सोडायचं असतं. मात्र नीट ऐका. पाहुणा एकदा माझ्या वाटेने निघाला, की मध्येच दवाखान्यात जायचं नाही. गेलात तर तो रागावून परत फिरेल, आणि मग माझ्याही हातात काही राहणार नाही!"

हे शेवटचं वाक्य बुवा फार मायेने म्हणत. इतकी पक्की अट कुठल्या विमा कंपनीलाही सुचली नसती. बरे झालात तर बुवांमुळे, नाही झालात तर दवाखान्यामुळे.

मग त्यांनी तांब्यातलं पाणी पोराच्या हातांवर ओतलं. नितळ पाणी हातांवरून ओघळलं आणि तसराळ्यात पडेपर्यंत पिवळंधमक झालं.

"निघाली! निघाली!" गोदाम दणाणलं. शिंप्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आज गडद, उद्या फिकी, परवा नितळ," बुवा म्हणाले. "पुढचा कोण?"

शिंप्याच्या सोबतीला त्याचा शेजारी रंगारी आला होता. चाळीस वर्षं कापड रंगवण्यात गेलेला माणूस. तो अगदी तसराळ्याजवळ उभा होता, आणि त्याच्या नाकाला एक ओळखीचा वास आला. त्याने बुवांच्या नखांकडे पाहिलं. कडेला तपकिरी रेघ होती. मग त्याने आपली नखं पाहिली. तिथेही तशीच रेघ होती. काय चाललंय ते तो उभ्या उभ्या समजला.

तो तोंड उघडणार, तोच शिंप्याने त्याचा दंड घट्ट धरला. "दादा, पाहिलंत ना? तुमच्या डोळ्यांदेखत निघाली!"

"पाहिलं," रंगारी म्हणाला.

आणि गप्प बसला. बुडत्याला काडीचा आधार असतो, ती काडी आपण कशाला मोडायची? बुवा कुणाकडून दमडी घेत नव्हते. (त्यांना पाया पडणारी माणसं हवी होती, आणि ती भरपूर मिळत होती.) शिवाय चारचौघांत कुणाला खोटं पाडायचं नाही, ही या गल्लीची रीत. इथली माणसं एकमेकांच्या मयताला धावत, लग्नात राबत, आणि एकमेकांचं खोटंही तितक्याच आपुलकीने सांभाळत. पंधरा-वीस दिवसांत शिंप्याचा पोरगा खेळायला लागला, तेव्हा रंगाऱ्याला वाटलं, बरं झालं आपण बोललो नाही ते.

त्याच सुमारास सरकारी दवाखान्यातली सिस्टर वही घेऊन दारोदार फिरत होती.

"घरात कुणाला कावीळ आहे का? कुणाचे डोळे पिवळे?"

"छे हो! आमच्याकडे नाही."

प्रत्येक दारात हेच उत्तर. घर स्वच्छ ठेवणं ही या गल्लीतल्या बायकांची अब्रू होती. घाणेरड्या पाण्याचा रोग आपल्या घरात आहे असं कोण कबूल करणार? शिंपी म्हणाला, "नाही." कळलं तर गिऱ्हाईक कपडे टाकणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. रंगाऱ्याच्या वरच्या मजल्यावर त्याची लेक आणि जावई राहत. जावई तेव्हा आठ दिवस अंथरुणाला खिळलेला होता, त्याचेही हात बुवांनी धुतले होते. सिस्टर दारात आली तेव्हा रंगाऱ्याच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "आमच्याकडे सगळं ठीक आहे."

सिस्टर जरा रेंगाळली. "काका, खरं सांगा. गटाराचं पाणी नळाच्या पाइपात शिरतंय असा मला संशय आहे. पण पाणीखात्यात गेले की ते विचारतात, पेशंट किती? वहीत पेशंटच नसतील तर ते रस्ता कशाला खोदतील?"

"असते तर सांगितलं असतं, बाई."

सिस्टरने वहीत शून्य मांडलं आणि ती पुढच्या दाराकडे वळली. रस्ता खोदला गेला नाही. गल्ली तेच पाणी पीत राहिली.

दीड महिन्याने रंगाऱ्याच्या लेकीचे डोळे पिवळे झाले. तिला सातवा महिना होता.

लेक मोठी हसरी होती. रंगवलेलं कापड दोरीवर वाळत घालताना ती बापाला चिडवायची, "अप्पा, हा खरा निळा आहे की तुमचा निळा?" ती आता भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागली. अन्न समोर आणलं तरी तिला मळमळायचं.

"डॉक्टरांना दाखवू एकदा," रंगारी म्हणाला.

"आणि बुवा काय म्हणालेत ते?" बायको कडाडली. "पोटात जीव आहे तिच्या! मध्येच सुई टोचली आणि काही झालं तर?"

"अप्पा, यांची उतरली की नाही?" लेक म्हणाली. "माझीही उतरेल. दवाखान्यात नको. मला बाळाची भीती वाटते."

त्या क्षणी एक वाक्य पुरेसं होतं. बुवांच्या हाताला काय लावलेलं असतं ते मला ठाऊक आहे, एवढंच. ते त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग बायको विचारणार, इतके दिवस का नाही सांगितलंत? जावई विचारणार, माझे हात धुतले तेव्हा मजा बघत होतात का? रंगारी एवढंच म्हणाला, "बरं, तुमच्या मनासारखं करा."

पहिल्या दिवशी तसराळ्यात गडद पिवळं पाणी पडलं. दुसऱ्या दिवशी फिकं. तिसऱ्या दिवशी जवळजवळ नितळ. लेक हसली, आणि आईने बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं.

चौथ्या दिवशी दुपारी लेक आईला विचारू लागली, "तुम्ही कोण? माझी आई कुठे गेली?"

जावयाने तिला उचलून रिक्षात घातलं. मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत ती बेशुद्ध झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. बाळ आधीच गेलं होतं.

रंगारी डॉक्टरीणबाईंच्या समोर उभा राहिला. "चार दिवस आधी आणलं असतं तर?"

त्या थकल्या होत्या, पण खोटं बोलल्या नाहीत. "वाचलीच असती असं नाही सांगू शकत. पण आम्हाला प्रयत्न तरी करता आले असते."

हे उत्तर घेऊन तो घरी आला. दहा दिवस त्याने रंगाच्या हौदाला हात लावला नाही. दोरीवर शेवटचं कापड लेकीने घातलं होतं, ते काढायचं धाडस घरात कुणालाच होईना. अकराव्या दिवशी तो उठला, सरकारी दवाखान्यात जाऊन सिस्टरला बोलावून आणलं आणि तिला घेऊन गोदामात शिरला. त्याला वाट मिळाली. दुःखी माणसाला गल्ली नेहमीच वाट देते.

"या, या," बुवा हळव्या आवाजात म्हणाले. "तुमच्या लेकीला शेवटी दवाखान्यात नेलंत. मी बजावलं होतं."

रंगाऱ्याने दोन्ही हात पुढे केले. "तुमच्या तांब्यातलं पाणी घाला. चोळू नका. नुसतं पाणी घाला."

बुवा कचरले, पण माणसं बघत होती. त्यांनी पाणी घातलं. तसराळ्यात पाणी कोरंच पडलं.

"तुम्हाला कावीळ नाही, म्हणून कोरं!" बुवा विजयाने म्हणाले.

"बरोबर. कावीळ नाही मला." रंगाऱ्याने खिशातून बाटली काढली, तिच्यातला काढा हातांना चोळला आणि फुंकर घालून हात वाळवले. "आता घाला."

बुवांचा हात हलेना. सिस्टरने तांब्या उचलला आणि पाणी ओतलं. तसराळं पिवळंधमक झालं.

"दोन मिनिटांत मला कावीळ झाली का?" रंगारी म्हणाला. "ही झाडाची साल आहे, उकळून काढलेली. हातावर वाळली की दिसतही नाही. आणि तांब्यात साधं पाणी नाही, चुन्याची निवळी आहे. साल आणि चुना एकत्र आले की पिवळा रंग उठतो. चाळीस वर्षं मी कापडं अशीच रंगवतो. काढा घट्ट असला की गडद, पातळ केला की फिकं. म्हणून पहिला दिवस गडद आणि तिसरा नितळ. पाण्यात कावीळ कधीच नव्हती. ती माझ्या लेकीच्या अंगात होती, तिथेच राहिली."

"मी कुणाकडून एक पैसा घेतला नाही," बुवा पुटपुटले आणि मागच्या दाराकडे सरकले. त्यांना कुणी अडवलं नाही.

"पण माझा पोरगा बरा झाला, त्याचं काय?" शिंप्याने रडकुंडीला येऊन विचारलं.

"काका, ही कावीळ बहुतेकांची आपोआपच उतरते," सिस्टर म्हणाली. "विश्रांती हवी, उकळलेलं पाणी हवं, काही आठवडे जाऊ द्यावे लागतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. पण गरोदर बाईच्या जिवावर हीच कावीळ बेतते. म्हणून तर मी दारोदार विचारत होते."

मग शिंपी म्हणाला, "लिहा सिस्टर. माझा पोरगा." मागून एक बाई म्हणाली, "आमचे दोघे." सिस्टर लिहीत गेली, आणि वहीचं पान भरलं तरी माणसं सांगतच होती.

तेवढ्यात जावई गर्दीतून पुढे आला. त्याने सासऱ्याकडे पाहिलं.

"अप्पा, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

रंगाऱ्याला खोटं बोलता आलं असतं. लेक गेल्यावर समजलं, असं सांगितलं असतं तर कुणी शंका घेतली नसती. बायकोनेही नसती.

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला.

बायकोने तोंडावर पदर धरला. जावई मागे वळला आणि गोदामाबाहेर निघून गेला.

रंगारी उरलेल्या माणसांकडे वळला.

"पाणी उकळून प्या. डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी दवाखाना गाठा. घरात गरोदर बाई असेल तर कुणाची परवानगी मागू नका. सिस्टर दारात आली तर खरं सांगा, त्यात लाज नाही. कुणी चमत्कार दाखवला तर जवळ जाऊन बघा, हात लावा, प्रश्न विचारा. आणि खोटं आहे हे कळलं, तर तिथेच, सगळ्यांसमोर बोला. लोक रागावतील, रागावू द्या. मी गप्प बसलो. तुम्ही बसू नका."