भोंगा का वाजला नाही

यामिलेचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. त्या दीडशहाण्या कंत्राटदाराने पालिकेच्या संगणकावर न विचारता पायथॉनची नवी आवृत्ती चढवली आणि पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजवणारी स्क्रिप्ट बंद पडली. बाहेर ला मान्सा नदी तांबडी होऊन चढत होती.

"जुनी आवृत्ती परत टाक आणि मोकळी हो," कॉफी ढवळत डॉक्टर बुरितिका म्हणाला. जन्मात कुणाची नाडी धरली नव्हती त्याने, पण आमच्या गावात साहेब म्हटला की तो डॉक्टरच. स्क्रिप्ट त्यानेच लिहिलेली. "इतकी वर्षं बिनबोभाट चालली ना?"

यामिले पडद्यावरची चूक वाचत होती. नदीची पातळी आकडा म्हणून येत होती, धोक्याची मर्यादा मात्र फाइलमधून मजकूर म्हणून. या दोन्हींची तुलना करायला नवी आवृत्ती साफ नकार देत होती. जुनी नकार देत नसे. ती मजकुराला कायम आकड्यापेक्षा मोठं धरायची. पाणी छपराला लागलं तरी मर्यादा आपली मोठीच! भोंगा वाजणार कसा, कपाळ? दर महिन्याची चाचणी थेट भोंग्याचं बटण दाबून व्हायची, म्हणून कुणाला पत्ताच नाही.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. दोन वर्षांपूर्वी नदीने काठची वस्ती नेली, तेव्हा भोंगा वाजला नव्हता. पहारेकरी एलिएसेरने झोपमोड नको म्हणून तो बंद केला, असं याच माणसाने चौकशीत छातीठोकपणे सांगितलं होतं. एलिएसेर म्हणजे तिचा बाप. नोकरी गेली, वर लोक दारात थुंकून जायचे.

"भोंगा माझ्या बापाने नाही, तुम्ही मुका ठेवलात, डॉक्टर! पहिल्या दिवसापासून!"

"हळू बोल, बाई. उकरून काढलंस म्हणून मेलेले परत येणार आहेत का?"

"नाही येणार. पण त्यांच्या मरणाचं खापर तुम्ही एका जिवंत माणसावर फोडलंत. लाज कशी वाटली नाही?"

तिने मर्यादेच्या मजकुराचा आकडा केला, स्क्रिप्ट चालू केली आणि सगळ्या कार्यालयादेखत घरी फोन लावला.

"बाबा, तुम्ही भोंगा बंद केलाच नव्हता! सापडलं मला. चूक स्क्रिप्टमध्ये होती!"



"मी देवाची शपथ घेऊन सांगितलं, तेव्हा तूसुद्धा तोंड फिरवलंस," म्हातारा म्हणाला. "आता मशीननं सांगितलं, तेव्हा पटलं होय?"