स्नानयोग्य पाणी

शेजाऱ्याचा उत्कर्ष शांत चित्ताने पाहणे ही मोठी कठीण परीक्षा आहे. तीत आपल्यापैकी किती जण उत्तीर्ण होतील, हे वाचकांनी स्वतःलाच विचारावे. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगर या सरकारी वसाहतीतील सूर्यकांत तीत रोज सकाळी नापास होत.

समोरच्या घरात त्यांच्याच पर्यावरण मंत्रालयातले गुणवंत राहत. दोघे सिंधुदुर्गातले, एकाच शाळेतले, दिल्लीच्या नोकरीतही बरोबरच आलेले. परंतु किनारी प्रकल्पांची छाननी करणाऱ्या समितीवर नेमणूक झाली ती गुणवंतांची. सूर्यकांतांकडे त्या समितीला अभिप्राय देण्याचे काम आले. त्यात भर म्हणून गुणवंतांच्या गॅलरीतल्या टबात कमळ फुलले! सूर्यकांतांच्या टबात नुसती पाने.

“थोडं थांबा, तुमचंही फुलेल,” पत्नी सुमित्रा म्हणाली. ती शाळेत जीवशास्त्र शिकवीत असे.

“थांबायचंच का जन्मभर? तो समितीवर गेला, मी थांबलो. आता फुलासाठीही थांबू?”

त्यांनी रोपवाटिकेतून खत आणले. पाकिटावर चमचाभर लिहिले होते. त्यांनी मूठभर घातले, आणि पुन्हा एकदा मूठभर. खत विरघळले. पाणी काचेसारखे नितळच राहिले.

त्याच सुमारास समितीपुढे एक प्रकरण आले. एका पर्यटन संकुलाला आपले सांडपाणी प्रक्रिया करून खाडीत सोडायचे होते. खाडीच्या मुखाशी कांदळवन, आणि पलीकडे समुद्रात प्रवाळांची वस्ती. गुणवंतांनी विरोध नोंदवला. सूर्यकांतांनी अभिप्राय दिला, की प्रस्तावित पाणी स्नानयोग्य पाण्याच्या निकषात बसते. सबब हरकत नाही. तो त्यांनी घरी सुमित्रेलाही वाचून दाखवला. निर्णय सोमवारी व्हायचा होता.

शनिवारी गुणवंतांनी त्यांना जिन्यात गाठले. “सूर्या, अरे आपण खेकडे पकडायचो तीच ही खाडी. तू ठाम राहिलास तर सगळं संपलंच यार.”

“समिती तुझी, नाव तुझं. मला कशाला विचारतोस?”

“नाव माझं राहू दे बाजूला. खाडी तर दोघांची आहे ना?”

“निकष म्हणजे निकष,” म्हणून सूर्यकांतांनी दार लावून घेतले.

फायलींच्या गडबडीतून सवड काढून रविवारी सकाळी ते दोन आठवड्यांनी गॅलरीत गेले आणि जागच्या जागी थबकले. टब हिरवागार झाला होता! शेवाळाचे जाड गोधडे पाण्यावर पसरले होते, कमळाची पाने त्याखाली कुजत होती, आणि डासांसाठी सोडलेले गप्पी मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडून धडपडत होते.

“वसाहतीचं पाणीच खराब!” ते ओरडले.

“अच्छा? आणि समोर भाऊजींच्या टबात काय यमुनोत्रीहून येतं? टाकी एकच आहे,” सुमित्रा म्हणाली. “खत घातलंत त्या दिवशी या पाण्यानं तुम्ही अंघोळ केली असती तर तुम्हाला काही झालं असतं का?”

“काहीच नाही. चांगलं स्वच्छ होतं.”

“तुमच्यासाठी स्वच्छ. खतावर शेवाळ फोफावलं, आणि कुजू लागल्यावर पाण्यातला प्राणवायू संपला. मासे त्यात अंघोळीला येत नाहीत हो, ते त्यात राहतात! तुमच्या त्या प्रवाळांचंही तेच. त्यांना कमी पोषणाचं, नितळ, खारं पाणी लागतं. सांडपाण्यातल्या नत्रानं शेवाळ माजलं की ते प्रवाळांवर चढून बसतं. मग कसले तुमचे निकष?”

“पण मधे कांदळवन आहे. ते गाळ अडवतं, खतही शोषून घेतं. हे तर तू मुलांना शिकवतेस!”

“बिल्कुल शिकवते. पण ते काय तुमच्या संकुलाचं गटार आहे? किती घेईल त्याला मर्यादा आहे. घाण साचून चिखलातून वर आलेली श्वसनमुळं बुजली की झाडं गुदमरतात. झाडं गेली, की धरून ठेवलेला गाळ सुटतो आणि थेट प्रवाळांवर जाऊन बसतो.”

सूर्यकांतांनी ताज्या पाण्याचे पातेले आणून मासे त्यात काढायला घेतले. सुमित्रेने आवाज उतरवला.

“एक विचारू? खत कमळासाठी घातलंत, की भाऊजींसाठी?”

त्यांनी आणखी एक मासा पातेल्यात सोडला.

“आणि तो अभिप्राय?”

हा प्रश्न वर्मी लागला! अभिप्राय लिहिताना आपल्या डोळ्यांपुढे खाडी नव्हती, प्रवाळ नव्हते. होता केवळ गुणवंतांचा उतरलेला चेहरा, आणि त्या कल्पनेने आपल्याला झालेला आनंद. सूर्यकांतांना स्वतःची लाज वाटली.

पातेल्यात मासे घेऊन त्यांनी समोरचे दार वाजवले. “यांना तुझ्या टबात जागा देतोस?”

गुणवंतांनी पातेल्यात पाहिले, मग मित्राकडे. “चलो, आण. पण खत मात्र घरीच ठेव!”

सोमवारी सूर्यकांत समितीपुढे उभे राहिले. “माझा अभिप्राय चुकला. मी माणसाच्या अंघोळीचा निकष प्रवाळांना लावला. तो मी मागे घेतो.”

“आपणच तर हरकत नाही म्हणाला होतात!” अध्यक्ष कडाडले. कोणीतरी हसले. सूर्यकांतांचे कान तापले, पण ते खाली बसले नाहीत. एकेक मुद्दा मांडून त्यांनी गुणवंतांचा विरोध उचलून धरला. समितीने प्रस्ताव नामंजूर केला. अभिनंदन झाले ते गुणवंतांचे. सूर्यकांतांना ते टोचले, नाही असे नाही; तरी टाळी वाजवणाऱ्यांत पहिले हात त्यांचेच होते.

वाचकहो, डोळ्यांना नितळ दिसणारे पाणी निर्दोष असतेच असे नाही. त्यात कोणाला जगायचे आहे, हे विचारल्यावाचून त्याला स्वच्छ म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही. मत्सराचेही तसेच आहे. तो नियमांच्या नितळ भाषेत बेमालूम विरघळतो, आणि त्याचे मोल मात्र भलत्याच, मुक्या जीवांना द्यावे लागते. म्हणून कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी प्रत्येकाने आधी आपले मन तपासावे!