आईची रजा

आई बँकेत अधिकारी आणि घरात गव्हर्नर. माझ्या पुढच्या शिक्षणाचा निर्णय तिने मी शाळेत असतानाच घेऊन टाकला होता. बँकिंग आणि फायनान्समध्ये पदव्युत्तर पदवी, विषय संपला. प्रवेश पक्का करायची मुदत आज संध्याकाळपर्यंत होती आणि मला तो पक्का करवत नव्हता. कारण आई रजेवर होती.

ही रजा मौजेची नव्हे. तिच्या बँकेत दरवर्षी प्रत्येकाला सलग काही दिवस घरी बसवतात. शाखेत पाऊल टाकायचं नाही, कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. तेवढे दिवस तुमच्या खुर्चीत दुसरं कुणीतरी बसतं आणि तुम्ही काही दडवलं असेल तर ते वर येतं. आईने आयुष्यात कधी विनातिकीट बसप्रवास केला नाही. तरी रजा लागली की तिच्या घशाखाली घास उतरत नाही. तिला पाहून मला धडकी भरायची. निवृत्त होईपर्यंत दरवर्षी असंच जगायचं?

"तू काही केलं नाहीस ना? मग घाबरतेस कशाला?" मी वैतागून विचारलं.

"केलं नाही गं. पण भरवशाने कुणाच्या कागदावर सही केली असली तर? समोरचा शोधायलाच बसलेला असतो."

तेवढ्यात शाखेतून फोन आला. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या खुर्चीतल्या बाई विचारत होत्या, एसीचा रिमोट कुठे असतो. आईने सांगितलं आणि पलंगावर बसली.

मला तिची कीव आली आणि रागही. मी लॅपटॉप ओढला. याच पदवीत लेखापरीक्षणाची शाखा होती. ती निवडून मी प्रवेश पक्का केला आणि तोऱ्यात सांगितलं, "मी तपासणारी होणार. मला कुणाला घाबरायला नको."

"बरं केलंस," आई म्हणाली. माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग चादरीच्या सुरकुत्या काढत हळूच म्हणाली, "उद्या माझ्या टेबलावर तुला काही सापडलं, तर आधी मला सांगशील ना?"

मी हो म्हणणारच होते. पण ज्याची तपासणी असते त्याला आधी सांगायचं नसतं, म्हणूनच तर ती रजा असते. आई माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि आता तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले होते.