जबड्यातला खेळ

दातांच्या डॉक्टरांची अडचण अशी होती की त्यांचे पेशंट बाहेरच्या खोलीतूनच पळून जायचे. आत ड्रिल सुरू झालं की बाहेरच्या खुर्च्या रिकाम्या व्हायला लागत. कोणाला गॅसवर ठेवलेलं दूध आठवे, कोणाची दाढ आपोआप बरी होई. एक पोस्टमन तर अकरा वर्षं दर सहा महिन्यांनी येत होता. नाव सांगायचा, पंधरा मिनिटं बसायचा आणि निघून जायचा. त्याची किडलेली दाढ अजून जागच्या जागी होती.

"यांचं लक्ष कुठंतरी गुंतवायला हवं," डॉक्टर एकदा जेवताना बायकोला म्हणाले. शेजारी त्यांचा मेहुणा बसला होता. तो वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. खिशात सदैव पक्कड असल्यामुळे सख्खी बहीणसुद्धा त्याला पक्कडच म्हणायची.

"माझ्यावर सोडा, भावजी," पक्कड म्हणाला.

दोन दिवसांनी तो दवाखान्यात आला तो तळहाताएवढा एक हिरवा बोर्ड घेऊन.

"हा अख्खा कॉम्प्युटर आहे. मेमरी कार्डात आपल्या लहानपणचे सगळे खेळ भरलेत. हा तुमच्या बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला जोडायचा, दोन जुन्या जॉयस्टिक लावायच्या, झालं. खेळाच्या नवीन मशीनच्या दहाव्या हिश्श्यात काम."

"पण हा असा उघडाच ठेवायचा?"

पक्कडने बाहेरच्या खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यातल्या टेबलावर, ब्रश कसा करावा ते दाखवायला ठेवलेला, टोपलीएवढा प्लॅस्टिकचा जबडा होता. पक्कड जमिनीवर मांडी घालून बसला, जबडा मांडीत घेतला, आणि वायरींना वाट करण्यासाठी पकडीने त्याचे वरचे दोन्ही सुळे उपटले. तेव्हा तिथे बसलेले तीन पेशंट उठून गेले.

बोर्ड टाळूला चिकटवला, जॉयस्टिकच्या वायरी सुळ्यांच्या भोकांतून बाहेर काढल्या, आणि बटण बसवलं अक्कलदाढेच्या जागी. अक्कलदाढ दाबली की मशीन सुरू होई. बोर्ड तापायचा म्हणून जबडा उघडा ठेवावा लागे. पक्कडने वर चिठ्ठी लावली: 'तोंड मिटू नये.'

एकच खोट राहिली. आत डॉक्टरांनी ड्रिल सुरू केलं की कॉम्प्रेसर घरघरायचा, विजेचा दाब क्षणभर खाली यायचा, आणि खेळ बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

"बिचाऱ्याचा दम तोकडा पडतो," पक्कड म्हणाला. "बघतो नंतर."

नंतर म्हणजे कधी, ते त्याला कोणी विचारलं नाही.

पहिल्याच आठवड्यात बाहेरची खोली भरली. पळून जाणं सोडाच, नाव पुकारलं तरी कोणी उठेना. "यांना आधी घ्या, मला काही घाई नाही," असा आग्रह चाले. एका गृहस्थांनी दोन्ही गाल सुजलेले असताना चार जणांना पुढे सोडलं.

मग ज्यांचे दात दुखत नव्हते तेही येऊ लागले. त्यांत एक टायपिस्ट बाई होत्या. चाळीस वर्षं कचेरीत टायपिंग करून निवृत्त झालेल्या. त्यांची बोटं जॉयस्टिकवर अशी चालत की बघणाऱ्यांची दातखीळ बसे.

"दाढ दुखतेय," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

डॉक्टरांनी तोंडात बघितलं. "बाई, तुम्हाला वरखाली कवळी आहे. स्वतःचा एकही दात नाही."

"म्हणूनच नेमकी कुठली ते सांगता येत नाही," बाई म्हणाल्या, आणि परत बाहेर जाऊन बसल्या.

एका दुपारी बाई सातव्या पातळीवर पोचल्या. तिथवर अजून कोणीच गेलं नव्हतं. आत डॉक्टर एका शिंप्याच्या दाढेवर ड्रिल लावणार, एवढ्यात बाईंनी आवाज दिला, "डॉक्टर, जरा थांबा. माझा एकच जीव उरलाय."

का कोण जाणे, डॉक्टर थांबले. शिंपी आ वासून पडला होता. चार मिनिटं गेली. बाहेरून एक सुस्कारा आला.

"गेल्या?" शिंप्याने तशाच तोंडाने विचारलं.

"गेल्या वाटतं," डॉक्टर म्हणाले, आणि ड्रिल सुरू केलं.

त्या दिवसापासून तसंच चालू झालं. बाहेरून 'थांबा' आलं की आत काम थांबे. एक दाढ भरायला दीड तास लागू लागला. डॉक्टर घरी जेवायला चार वाजता पोचत. बायकोने विचारलं तर सांगत, "एकीची नववी पातळी होती."

पुढच्या महिन्यात पोस्टमन आला. तो पंधरा मिनिटं बसला, अर्धा तास बसला, आणि त्याच्या हाती जॉयस्टिक आली असतानाच त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठायला तयार नव्हता. शेवटी पक्कडने लांब वायर जोडून जॉयस्टिक आत नेली आणि टीव्ही दाराकडे वळवला. पोस्टमन खुर्चीत आडवा होऊन खेळत राहिला. डॉक्टरांनी हिरडीत सुई दिली, चिमटा हातात घेतला, अकरा वर्षांची दाढ उपटून वाटीत टाकली.

"झालं," डॉक्टर म्हणाले.

"कुठं झालं? अजून एक पूल ओलांडायचाय," पोस्टमन कापसातून म्हणाला. त्याला दाढ दाखवली तेव्हा त्याने ती बराच वेळ निरखली आणि "ही कोणाची?" असं विचारलं.

डॉक्टरांना त्या संध्याकाळी फार बरं वाटलं. पण चार वाजता जेवून त्यांना पित्त झालं होतं, तेव्हा त्यांनी पक्कडला बोलावून घेतलं. पक्कडने चांगला चार्जर आणला, जबड्यासाठी वेगळी लाईन ओढली. दहा मिनिटांचं काम. आता ड्रिल कितीही चालो, खेळ बंद पडत नव्हता. बाहेरच्यांना थांबा म्हणायचं कारण उरलं नाही.

चौथ्या दिवशी शिंपी दाढेच्या दुसऱ्या फेरीसाठी आला. ड्रिल सुरू झालं आणि थांबेचना. शिंप्याने खुर्चीचे हात घट्ट धरले, डोळे मिटले, पायांची बोटं आवळली. डॉक्टरांनी तोंडातला बोळा बदलला तेवढ्यात तो म्हणाला, "बाई आल्या नाहीत का आज?"

"आल्यात. बाहेर खेळताहेत."

"मग काही म्हणत कशा नाहीत?"

डॉक्टरांनी दार किलकिलं केलं. बाई पडद्याला डोळे लावून बसल्या होत्या.

"बाई," डॉक्टर हळूच म्हणाले, "मधूनमधून थांबा म्हणाल का?"

"खेळ तर नीट चाललाय."

"तरी म्हणा."

बाईंनी मान न वळवता विचार केला. "किती वेळाने म्हणू?"

"तुम्हाला वाटेल तेव्हा," आतून शिंप्याने सांगितलं.