सातेरीच्या देवळातली दुपार

त्या वर्षी मार्च सरायच्या आतच पाळी गावाच्या बाजूला ऊन सोसवेनासं झालं. खाणी बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण उघडे पडलेले डोंगर तसेच होते. सकाळी नऊलाच दगड तापायचे, आणि हवा इतकी दमट की अंगावरचा घाम वाळायचा नाही.

सुमंगला गावस आरोग्य केंद्रातून नर्स म्हणून निवृत्त झाल्याला चार वर्षं झाली होती. दुपारचा नैवेद्य झाला की पुजारी घरी जायचा आणि ती वाड्यावरच्या, म्हणजे आपल्या वस्तीतल्या, सातेरी देवीच्या देवळात मागे राहून समया घासायची. त्या दुपारीही ती एकटीच होती. तेवढ्यात दारात एक बाई धापा टाकत आली.

देवळासमोर मोठ्या इमारतींचं काम चाललं होतं. चंदगड आणि खानापूरकडचे चाळीसेक कामगार तिथं पत्र्याच्या खोल्यांत राहत. ही त्यांतलीच नंदा. तिचा नवरा जयवंत गवंडी होता. तो भिंतीवर काम करता करता कोसळला होता. त्याला खोलीत नेऊन निजवलं, पण तो काहीबाही बरळत होता.

"अंग नुसतं भाजतंय बाई," नंदा म्हणाली, "आणि घाम म्हणून येईना त्येला."

घाम येत नाही म्हटल्यावर सुमंगलाने हातातली समई खाली ठेवली. त्याला ताबडतोब इकडे आणा, म्हणून तिने सांगितलं आणि रुग्णवाहिकेला फोन केला. चौघांनी जयवंतला फळीवर घालून आणलं. सभामंडपाची फरशी गार होती, तिच्यावर त्याला निजवलं. नंदा पाण्याचा तांब्या त्याच्या तोंडाला लावू लागली, तेव्हा सुमंगलाने तिचा हात धरला. शुद्ध नसलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासात जातं, हे तिने समजावलं. मग त्याचा शर्ट काढून तिने विहिरीच्या पाण्याची बादली त्याच्या अंगावर ओतली, ओल्या फडक्यांच्या घड्या काखेत, मानेखाली, जांघेत ठेवल्या आणि दोघांना सुपांनी वारा घालायला बसवलं.

एवढी गडबड ऐकून देवस्थान समितीचे अध्यक्ष कृष्णनाथ परब आले. आंघोळ न केलेल्या माणसाला देवीच्या विहिरीवर पाय ठेवू न देणारा माणूस म्हणून ते गावाला ठाऊक होते. मंडपभर सिमेंटचे पाय उमटलेले पाहून ते खांबाशी थबकले. सुमंगलाने मान वर न करताच सांगितलं, "कृष्णनाथबाब, पाणी कमी पडता. तुमी बावीवर रवात."

 कृष्णनाथ सदरा काढून विहिरीकडे गेले आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओढत राहिले. ती यायला अर्धा तास लागला. तोवर जयवंतने डोळे उघडून "नंदे" अशी हाक मारली होती. नंदा तिथंच फरशीवर बसली आणि रडू लागली.

संध्याकाळी इस्पितळातल्या डॉक्टरचा फोन आला. जयवंत वाचला होता. पत्र्याच्या खोलीत अजून थोडा वेळ पडून राहता, तर तो आमच्यापर्यंत पोचलाच नसता, असं डॉक्टर म्हणाला.

रविवारी समितीची बैठक झाली. सुमंगलाचं मागणं एकच होतं. पावसापर्यंत रोज साडेअकरा ते चार मंडप कामगारांसाठी उघडा ठेवायचा आणि त्यांना मीठ घातलेली पेज द्यायची. बैठकीत नाराजी उमटली. सोवळ्याचं काय, असं कुणी विचारलं. आज निजतील, उद्या चुली मांडतील, असंही कुणी म्हणालं. कृष्णनाथ सगळ्यांचं ऐकून घेत होते. ते आता नाही म्हणतील, असं सुमंगलाला वाटू लागलं.

"त्या दिवशी बावीवर मी होतंय," ते शेवटी म्हणाले. "देवी काय रागावली नाय. मगे आमी कित्याक रागावूचा?"

मागणं मंजूर झालं. मंगळवारी मंडप उघडला. बायकांनी चटया घातल्या, पेजेचं मोठं भांडं आणून ठेवलं, कोकमाचं सरबत केलं. पण चार वाजेपर्यंत एकही माणूस आला नाही. काम पावसाआधी संपवायचं होतं, आणि दुपारी जागा सोडील त्याने परत येऊ नये असं कंत्राटदाराने बजावलं होतं. बांधकामाच्या फाटकाशी उभी राहून नंदा देवळाकडे पाहत होती, तेवढंच.

कृष्णनाथ दोनदा कंत्राटदाराला भेटायला गेले. काम पहाटे लवकर सुरू करा, दुपारी थांबा, चारनंतर पुन्हा करा, असं त्यांनी सुचवून पाहिलं. दोन्ही वेळा त्याने हसून चहा पाजला आणि परत पाठवलं.

वाळू-सिमेंटचे ट्रक मात्र ज्या वाटेने जात, ती देवस्थानच्या जमिनीतून जात होती. समितीने ती तोंडी परवानगीने दिली होती. दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला कृष्णनाथांनी वाटेच्या मधोमध खुर्ची टाकली आणि वर्तमानपत्र उघडलं. शेजारी सुमंगला छत्री घेऊन बसली. तिच्यामागे भजनी मंडळाच्या बायका येऊन बसल्या. ट्रक हॉर्न वाजवत उभे राहिले. कंत्राटदार धावत आला.

"पहाटे पाचपासून अकरापर्यंत वाट तुमची," कृष्णनाथ त्याला म्हणाले. "चारनंतर परत तुमची. मदली दुपार देवीची."

तो पोलिसांत जाईन म्हणाला. जावा म्हणून कृष्णनाथांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. सगळा वाडा येऊन उभा राहिला होता. तिसऱ्या दिवशी कंत्राटदाराने कामाच्या वेळा बदलल्या.

त्या दुपारी कामगार आले, बिचकत, चपला बाहेर काढून. हात-पाय धुऊन ते ओळीने बसले. बायकांनी पेले भरभरून सरबत दिलं, मग पेज वाढली. थोड्याच वेळात सगळा मंडप घोरू लागला.

मे महिन्यात ऊन आणखी चढलं. पलीकडच्या वाड्यावरच्या चर्चच्या फादरनी सरबताला मीठ किती आणि साखर किती, हे सुमंगलाला फोनवर विचारून घेतलं आणि आपल्या हॉलची दारं दुपारी उघडली. नार्व्याकडच्या एका देवळानेही तसंच केलं. जयवंत बरा होऊन परत आला, तेव्हा सुमंगलाने त्याला पंधरा दिवस सावलीतलीच कामं करायला लावली आणि मुकादमाने ते ऐकलं. महिना संपला त्या दिवशी आरोग्य केंद्राची डॉक्टर स्वतः देवळात आली. बांधकामावरून या महिन्यात उष्माघाताचा एकही रुग्ण आलेला नाही, हे तिला सुमंगलाला समोर भेटून सांगायचं होतं.

काम संपलं. गावी जायच्या आदल्या दिवशी कामगारांनी देवीला नारळ ठेवला. कृष्णनाथ गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवीला साकडं, घालायला पुढे झाले. वाड्याची राखण कर, लेकरा-गुरांना सांभाळ, असं नेहमीचं सांगून झालं आणि ते थांबले. मग त्यांनी मागे वळून जयवंतला गावांची नावं विचारली.

"आनि हे चंदगडचे, खानापूरचे तुझे लेक," ते म्हणाले, "खंयच्याय उन्नात उबे आसले तरी तूंच ह्यांची सावली होवन रव."

"व्हय म्हाराजा," सगळा मंडप एका आवाजात म्हणाला. नंदाचा आवाज त्यात सर्वांत वर होता.