कानातलं नाव

नल्लकुंट्यातल्या आमच्या शाळेला नियम काढायची भारी हौस. यंदाचा नवा नियम असा: पालकाने गेटच्या गजांतून मुलाच्या कानात ठरलेला शब्द सांगायचा, मुलाने मान हलवायची, मगच आया गेट उघडणार. चेहरा रोजचा असला तरी सूट नाही. दुसऱ्या कुठल्या शाळेतून कोणी खोटा काका मूल घेऊन गेला होता म्हणे. पालकांनी ग्रुपवर नाकं मुरडली आणि आंबा, जिलेबी असले शब्द ठरवून मोकळे झाले. मला मात्र अक्कल जास्त. मी माझ्या लेकीसाठी, श्रुतीसाठी, तिचं पाळण्यातलं नाव निवडलं.

बारशाला ते तिच्या आत्याने, रंजनाताईंनी, तिच्या कानात सांगितलं होतं. ताईंनी ‘कुर्र’ केलं आणि रीतीप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. पुढे कित्येक दिवस ताई पाठ चोळत सगळ्यांना हसवत होत्या. ते नाव बाहेर उच्चारायचं नाही, ही सासरची रीत. मी, माझा नवरा मंदार आणि ताई, एवढ्यांनाच ते ठाऊक. ताईंना मूलबाळ नव्हतं, श्रुतीत त्यांचा जीव अडकलेला. गेल्या दिवाळीनंतर त्या वारल्या. मी पुण्याची, लग्नानंतर इथे आले, दिलसुखनगरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. असल्या रीती मी मानत नाही, पण बाहेरच्या कुणाला कळणार नाही असा शब्द दुसरा कुठून आणणार?

एका सोमवारी यादम्मा, गेटवरची आया, सहज बोलून गेली.

“मॅडम, आपके ननद आये थे. कान में नाम बोले, बच्ची मुंडी हिलाई. मैं गेट खोलने गई तो बीच में बस आ गई, फिर दिखे नै. उनकी पीठ दुखती क्या? हात पीछे लेके मल रहे थे.”

मी ऑफिसात भांडून कॅमेऱ्यातलं चित्र पाहिलं. श्रुती गजांना कान लावून उभी होती. बाहेर कोणीच नव्हतं. मंदारला सांगितलं तर तो ताईंच्या फोटोकडे बघत बसला. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात नळ सोडून मी श्रुतीच्या कानात नवा शब्द सांगितला. कोणालाही सांगायचा नाही, असं बजावलं. आत्याला पण नाही का, तिने विचारलं. आत्या आता नाही, मी म्हणाले.

दुपारी क्लास अर्धवट टाकून मी घंटेआधीच गेटवर पोचले. श्रुती आली. मी वाकून शब्द सांगितला. तिने मान हलवली नाही. पुन्हा सांगितला. यादम्मा आधी हसली, मग कडीवर हात ठेवून थांबली.

“ते बदललं,” श्रुती म्हणाली. “नाव आत्याच ठेवते ना? तू नाही ठेवायचं.”

मी मला माहीत असलेली तिची सगळी नावं घेतली. बाळे, सोने, पाळण्यातलंही. विनवण्या केल्या. ती माझ्याकडे ओशाळून बघत राहिली. मग तिने कान माझ्या शेजारच्या गजांना लावला. तिथे कोणी उभं नव्हतं. गुदगुल्या झाल्यासारखी ती हसली आणि तिने मान हलवली. माझ्यासाठीच मान हलवली असं समजून यादम्माने गेट उघडलं.

श्रुती माझ्या पुढे केलेल्या हाताला वळसा घालून बाहेर आली. तिचा उजवा हात वर होता, कोणाचं तरी बोट धरल्यासारखा. तशीच ती रस्त्याकडे चालू लागली. मी धावत जाऊन तिचा डावा हात घट्ट पकडला.

तो मी अजून सोडलेला नाही. पलीकडूनही कोणी सोडत नाही.