चावीशिवाय बोलणारी गाडी

"बोलला! माझा विशू बोलला!"

सासूबाई ओरडल्या आणि पत्र्याच्या शेडमध्ये एकच गलका झाला. मांजरी गावातली आमची निम्मी भावकी आणि पाठीवरची लॅपटॉपची बॅगही न उतरवलेली शेजारच्या सोसायटीतली मंडळी, सगळी हात जोडून उभी होती. कोणापुढे? माझ्या दिरांच्या मोटरसायकलपुढे! हँडलला झेंडूचा हार, टाकीवर हळदकुंकू. चावी सासूबाईंच्या कमरेला. तरीही पुढच्या स्पीकरमधून विश्वजीत भाऊजींचा आवाज आला होता, "आई, जेवलीस का?"

त्यांचाच आवाज. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू?

विश्वजीत भाऊजी डेंग्यूने गेले. दशक्रियेला कावळा पिंडाला शिवेना. "लग्न राहिलं असेल," "लडाख राहिलं असेल," जो तो सुचवत राहिला. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला, पण सासूबाईंच्या मनातून तो न आलेला कावळा काही जाईना. ते हेरलं राकेशने. भाऊजींचा सहलींतला जोडीदार हा. यज्ञेश्वर महाराजांना आमच्या दारात त्यानेच आणलं.

"जीव गाडीत अडकलाय, माउली," महाराज म्हणाले. "देह गेला, इच्छा टाकीत राहिली. हा चार्जर कधी बंद करायचा नाही. ही त्याची अखंड ज्योत!"

बॅटरीच्या चार्जरला अखंड ज्योत म्हणणारा माणूस मी प्रथमच पाहत होते. प्रश्न महाराज विचारणार, गाडी एखाद्या शब्दात उत्तर देणार, आणि त्या शब्दाचा हातभर अर्थ पुन्हा महाराजच सांगणार. गाडी "हो" म्हणाली, म्हणजे आमच्या रस्त्यालगतच्या दोन गुंठ्यांत मठ बांधायचा! मृतात्म्याला जागेची इतकी चांगली पारख असते, हे मला ठाऊक नव्हतं.

यावर मी हसून गप्प बसले असते. पण माझी तनया चार वर्षांची आहे आणि तिला फिट येतात. गोळ्या सुरू झाल्यापासून वर्षभर एकही आली नव्हती. सकाळची गोळी मी द्यायची, संध्याकाळची सासूबाई, कारण मी खराडीच्या ऑफिसातून परतेपर्यंत ती पेंगुळलेली असते.

रविवारी सकाळी ओट्यावर खेळता खेळता ती ताठ झाली. डोळे फिरले, ओठ निळे पडले, हातातली बांगडी फरशीवर टकटकत राहिली. मी तिला कुशीवर वळवलं, मान सांभाळली. झटके थांबेपर्यंत "आहे गं मी, आहे," एवढंच म्हणत राहिले. आणि सासूबाई? त्या हात जोडून उभ्या होत्या.

"आलास का रं विशू? पुतनीला भेटाया आलास?"

दवाखान्यातून परतल्यावर मी शेडमध्ये गेले. गाडीच्या पुढच्या चाकापाशी पितळी ताटली. तिच्यात माझ्या लेकीच्या गोळ्या, वर कुंकू वाहिलेलं.

"आई, या इथे कशा?"

"म्हाराजांनी त्याला इचारलं, पोरीला गोळ्या देऊ का? 'नको, नको' म्हनला. अगं अपेक्षा, माझ्या लेकराचा शब्द हाय त्यो."

माझा नवरा बजरंग हळूच म्हणाला, "आईशी आत्ता वाद नको घालूस."

"वाद? आपली मुलगी निळी पडली होती, बजरंग!"

मी सीटवर हात ठेवला. गाडी महिनोन्महिने उभी, तरी सीट कोमट, म्हणजे खाली काहीतरी चालू होतं. मग आठवलं. जुने किरट्या आवाजाचे स्पीकर काढून भाऊजी मोठे बसवत होते, सीटखाली अॅम्प्लिफायर घालत होते आणि मी बॅटरी धरून उभी होते. "वहिनी, चावी फिरवली तरच हा सुरू व्हायला हवा. पण मी तार थेट बॅटरीला देतोय. तंबू ठोकला की चावी काढूनही गाणी!" गाणी यायची मोबाइलमधून, ब्लूटूथवरून. त्याला तीनच मोबाइल जोडलेले होते: त्यांचा, राकेशचा आणि तनयाच्या बडबडगीतांसाठी माझा.

संध्याकाळी पुन्हा दरबार भरला. महाराजांनी डोळे मिटले तशी मी पुढे झाले.

"महाराज, एवढं पवित्र स्थान, आणि लोकांचे मोबाइल चालू? सगळ्यांनी बंद करून या पाटीत ठेवा बरं."

"खरं हाय पोरीचं," कोणीतरी म्हणालं. पाटी फिरली. राकेश भिंतीला टेकून होता, हात खिशात.

"वहिनी, माझा ऑफिसचा कॉल येणार आहे."

"रविवारी? तुमच्या ऑफिसचाही जीव अडकलेला दिसतो. ठेवा."

सगळे बघत होते. ठेवला.

महाराजांनी विचारलं, "बाळा, आहेस ना?" गाडी गप्प. पुन्हा विचारलं. गप्प.

"अश्रद्धेनं रुसलाय!"

"थांबा, मी समजूत काढते," म्हणत मी पाटीतला माझा मोबाइल उचलून चालू केला, गाडीला जोडला आणि भाऊजींनी इंटरनेटवर टाकलेला, मी दुपारी शोधून ठेवलेला सहलीचा व्हिडिओ लावला.

"आई, जेवलीस का?" गाडी म्हणाली. लोकांनी हात जोडले. पण गाडी पुढेही बोलू लागली, "आम्ही वरंधा घाटात आहोत. रेंज आली की फोन करतो." मग ट्रकचा हॉर्न, आणि भाऊजी हसत, "नको, नको रे राक्या! तिसरी प्लेट आहे भज्यांची, पोट फुटेल!"

जोडलेले हात एकेक करून सुटले. ज्या नकारावर माझ्या लेकीचं औषध थांबलं, तो भज्यांना होता.

"वहिनी, आईंना धीर मिळावा म्हणून..." राकेश पुटपुटला.

"धीर? माझी मुलगी सकाळी याच धीराने मरत होती!"

"यंत्र हे केवळ निमित्त असतं," महाराज उठता उठता म्हणाले.

"मग निमित्ताला चार्जर कशाला लागतो?" मी सीट उचलली, बॅटरीपासून निघालेली तार सगळ्यांना दाखवली आणि तिच्यावरचा नखाएवढा फ्यूज उपटला. आवाज तुटला. परत बसवून मोबाइल जोडला, आवाज परत. पोराटोरांनाही कळलं.

सासूबाई राकेशसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "तुला म्या ह्या हातानं वाढलंय रं. माझ्या लेकाचा आवाज कापून मलाच इकलास?" तो मान खाली घालून निघून गेला. महाराज त्याच्याही आधी.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "पोरीची गोळी व्हायची हाय न्हवं अजून? दे, मी देते." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "त्यो पिच्चर परत लावशील? भज्यांचा?"

लावला. आठवण काढायला कोणाची परवानगी लागत नाही, महाराजांची तर नाहीच.

सासूबाई मूर्ख नाहीत. त्यांचा मुलगा गेलाय. म्हणून मला चीड येते ती त्यांची नाही. चीड येते दुःखी माणसाचं दार हेरणाऱ्यांची, आणि मागे उभं राहून "समाधान मिळतंय ना, मिळू दे" म्हणणाऱ्या आपल्यासारख्या शिकलेल्यांचीही. डॉक्टरांनी दिलेली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका, कोणाच्याही सांगण्यावरून. आणि चमत्कार दिसला, तर आधी तार कुठे जाते ते बघा. हात काय, नंतरही जोडता येतात.